अधिक एकशे सात

लोम्ना नदीची पातळी आमच्या गावात रोज सकाळी सात वाजता मोजली जाते. मार्च १९२४पासून एकही दिवस चुकलेला नाही. वहीत दर दिवसाला तीन रकाने असतात: तारीख, सेंटिमीटर आणि शेरा. या काळात देशाचं नाव सहा वेळा बदललं, वहीच्या पुठ्ठ्यावरची राजमुद्रा बदलली, मध्येच एकदा राजाही गेला. पण रकाना रिकामा राहिला नाही. माझे सासरे ग्वोझ्देन यांनी छप्पन्न वर्षं मोजलं आणि त्यांच्यानंतर तेहेतीस वर्षं मी. सासऱ्यांचा १९४४ सालचा एक शेरा मला फार आवडतो: 'पूल पडला. मोजपट्टी शाबूत.' पूल कोणी पाडला याबद्दल गावात तीन मतं आहेत आणि प्रत्येक मताचं वेगळं स्मारक आहे. पाणी त्या दिवशी २१४ होतं, याबद्दल मात्र वाद नाही.

मला मूलबाळ नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातलं कोणाच्या किती लक्षात राहिलं ते पुढे येईलच. माझ्यामागे काय उरणार असं कोणी विचारलं, तर मी त्या वहीकडे बोट दाखवीन. बत्तीस हजारांवर रकाने आणि एकही रिकामा नाही. मला जपायचं होतं ते एवढंच.

आमचं गाव ग्लिबोवात्स. 'ग्लिब' म्हणजे चिखल. निवृत्त पोस्टमास्तर ग्लिगोरिये यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ग्लिबियस नावाचा कोणी रोमन सेनापती होता आणि तो इथे पाय धुवायला थांबला होता. नगरपालिका त्या वर्षी 'ग्लिबोवात्स: भूगोल, इतिहास आणि माणसं' असा ग्रंथ काढत होती. आमच्या भागात प्रत्येक गावाचा असा एक ग्रंथ असतो. तो कोणी वाचत नाही, पण शेजारच्या गावाचा किती पानांचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. वरच्या अंगाला अठरा किलोमीटरवर पोडलुग आहे. त्यांचा ग्रंथ तीनशे चौऱ्याऐंशी पानांचा होता. म्हणून आमचा चारशेचा ठरला. ग्लिगोरियेंनी इतिहासाची दोनशे बारा पानं लिहिली. भूगोल माझ्याकडे होता. मी एक पान दिलं.

"बाई, अख्खा भूगोल एका पानात?" नगराध्यक्ष ओब्रेनने विचारलं होतं.

"गाव तेवढंच आहे," मी म्हटलं.

हे सगळं जूनमधलं. मग पाऊस थांबला.

दुपारी बारा वाजता राजधानीचा रेडिओ देशातल्या नद्यांची पातळी वाचून दाखवतो. वाचणारीचा आवाज असा की तिला कशाचंच सुखदुःख नसावं. आमच्या गावाचं नाव बाहेरच्या जगात दिवसातून एवढ्या एकाच वेळी घेतलं जातं. त्यामुळे 'नांगर' कॅफेत त्या वेळी पत्ते थांबतात, पेले खाली ठेवले जातात, आणि ग्लिबोवात्स म्हटल्यावर चारदोन जण मान डोलावतात, जणू कोणी त्यांनाच हाक मारली. ऑगस्टच्या सहा तारखेला ती बाई म्हणाली, "पोडलुग: एकशे बारा, स्थिर. ग्लिबोवात्स: उणे एक, उतार एक."

'नांगर'मध्ये कोणीतरी विचारलं, "उणे म्हणजे?"

"म्हणजे शून्याच्या खाली," दुसरा म्हणाला.

"शून्याच्या खाली काय असतं?"

"ग्लिबोवात्स," तिसरा म्हणाला. त्याला त्या दिवशी स्वतःचे पैसे स्वतः भरावे लागले.

पोडलुगनेही रेडिओ ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुलावरून एक कलिंगड पाण्यात सोडलं. सालीवर चाकूने मोठ्ठं '+१' कोरलेलं. म्हणजे ते आमच्याकडे पोचलं की आमची पातळी शून्य व्हावी. ही चेष्टा कदाचित पचली असती. पण गावाच्या अलीकडे चारशे मीटरवर ते कलिंगड वाळूत रुतलं. पुढे यायला पाणीच नव्हतं. दोन दिवस ते तिथे पडून होतं आणि लोक ते बघायला जात होते. कोण किती पाण्यात आहे हे असं उघड दिसणं कुठल्याच गावाला मानवत नाही.

नऊ तारखेला संध्याकाळी ओब्रेन माझ्याकडे आला. मी रीतीप्रमाणे चमचाभर मुरांबा, पाण्याचा ग्लास आणि कॉफी पुढे ठेवली. ओब्रेन सातवीत माझ्या वर्गात होता. त्याला वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. पण त्याच्या वडिलांनी मुख्याध्यापकांकडे एक डुक्कर पाठवलं आणि ओब्रेन पुढे गेला. तेव्हापासून तो पुढेच जातोय.

"बाई," तो म्हणाला, "गावाची अब्रू तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात वही आहे."

"तेच म्हणतोय मी. एक बारीकशी आडवी रेघ. ती नाही काढली तर काय बिघडतं?"

"आज उणे चार आहे. रेघ नाही काढली तर चार होईल."

"मग! चार सेंटिमीटरसाठी एवढा हट्ट?"

"आठ," मी म्हटलं. "उणे चार आणि अधिक चार यांत आठाचं अंतर आहे."

त्याने मुरांबा खाल्ला, चमचा ग्लासात ठेवला. मग जरा पुढे झुकून, मोठी माणसं लहान मुलांशी बोलतात तसं बोलला, "बाई, मला एक सांगा. शून्य म्हणजे तळ ना? मग तळाच्या खाली पाणी कसं? ती पट्टीच खोटं बोलतेय."

"शून्य म्हणजे तळ नव्हे रे. आदल्या उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरलं होतं, तिथे १९२४ साली एका इंजिनियरने खिळा ठोकला आणि त्याला शून्य म्हटलं. पोडलुगला त्याने तोच खिळा मीटरभर खाली ठोकला. त्यांच्याकडे पाणी जास्त नाही, खिळा खाली आहे."

"त्यांच्याकडेच का खाली?"

"तिथे काठाला खडक होता."

"बघा!" ओब्रेन उठून उभा राहिला. "म्हणजे १९२४पासून आपल्यावर अन्याय चाललाय. आणि तुम्ही, बाई, तो रोज सकाळी सात वाजता वहीत लिहिताय!"

दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचं पत्र आलं. वयोमानानुसार मला विश्रांती देण्यात येत होती आणि जागेवर नगराध्यक्षांचा मेव्हणा रादाशिन याची शिफारस केली होती. राजधानीतल्या जलसंस्थेला मोजणारा कोण याच्याशी कर्तव्य नसतं. रकाना भरला म्हणजे झालं. 'नांगर'मध्ये मात्र कारण वेगळं सांगितलं गेलं: "शेवटी ती पोडलुगचीच." माझा जन्म पोडलुगचा, हे खरं. लग्न होऊन इथे आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे सून गावची व्हायला साठेक वर्षं लागतात आणि तोवर ती बहुतेक करून मेलेली असते.

वही न्यायला रादाशिन स्वतः आला. त्याने टोपी हातात धरली होती.

"कूमा, माझ्यावर रागावू नका," तो म्हणाला. "मला मेव्हण्याने सांगितलं."

कूमा हे मला म्हणायचं कारण असं की त्याच्या लग्नात मेणबत्ती धरून मी उभी होते आणि त्याच्या मुलीचं जावळ मी कापलं. आमच्याकडे माणूस बापाशी भांडतो, भावावर कोर्टात जातो, पण कूमाला नाही म्हणत नाही. कूमाचा शाप लागला तर गाय आटते, वेल सुकते आणि पोरीचं लग्न मोडतं, असं म्हणतात. मी अर्थातच असलं काही मानत नाही. एकोणीस वर्षांत मी त्याच्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

"रोज सात वाजता," मी वही देताना म्हटलं. "साडेसातला नाही. आणि रकाना रिकामा ठेवू नकोस."

"नाही ठेवणार. कूमाची शपथ."

मग मी दुकानात जाऊन शंभर पानी शाळेची वही आणली. जुन्या गिरणीच्या नदीकडच्या भिंतीत, वरच्या खिडकीखाली, एक लोखंडी खुंटी आहे. मोजपट्टी कधी वाहून गेलीच तर पाणी कशावरून मोजायचं, म्हणून ती ठोकलेली. शून्यापासून तिची उंची ६३१ सेंटिमीटर. सासऱ्यांनी ती मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दाखवली होती. दागिने त्यानंतर दाखवले. तिथून टेप सोडायची, टोकाला वजन लावायचं आणि वजाबाकी करायची. पट्टीकडे बघावंही लागत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर ओब्रेन आणि रादाशिन पहारी, सिमेंटचं घमेलं आणि बिअरच्या चार बाटल्या घेऊन घाटावर उतरले. मोजपट्टी घाटाच्या दगडी भिंतीला बोल्टने बसवलेली आहे. माझ्या खिडकीतून ती स्वच्छ दिसते. त्यांनी बोल्ट काढले. ओब्रेन वर उभा राहून हातवारे करत होता.

"वर घे! अजून वर! आपल्याला पाणी वाढवायचंय की नाही? चांगली मीटरभर घे, पोडलुगच्या तोंडाला कुलूपच लागलं पाहिजे!"

पट्टी वर घेतली की पाणी वर जात नाही, आकडा खाली येतो. हे त्यांना सांगायला मी चपला पायात घातल्या, दारापर्यंत गेले. मग आठवलं, मला विश्रांती दिली आहे. मी चपला काढून ठेवल्या.

सोमवारी सात वाजता मी गिरणीपाशी टेप सोडत होते. पंधरा पावलांवर ते दोघं पट्टीसमोर उभे होते. पट्टीचं खालचं टोक पाण्यापासून मीटरभर वर, कोरड्या दगडावर लटकत होतं. रादाशिन बराच वेळ बघत राहिला.

"ओब्रेन, पाणी पट्टीला लागतच नाहीये."

"मग मोज की! शून्यापासून पाण्यापर्यंत मोज."

रादाशिनने गवंड्याची घडीची पट्टी उलगडली आणि वाकून नीट मोजलं. तो चांगला कारागीर आहे. त्याचं माप कधी चुकत नाही. "एकशे सात," तो म्हणाला.

"एकशे सात!" ओब्रेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काल मायनस सहा, आज एकशे सात! सिमेंटच्या एका घमेल्यात!"

"रादाशिन," मी म्हटलं, "ते शून्याच्या खाली आहे. उणे म्हणून सांग. खरं तर उणे सात सांग आणि पट्टी हलवलीये तेही सांग."

"बाई," ओब्रेन म्हणाला, "तुम्ही आता सामान्य नागरिक आहात."

रादाशिनने फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला पलीकडची संस्थेतली मुलगी ऐकू आली. "एकशे सात? अधिक की उणे?"

रादाशिनने माझ्याकडे पाहिलं, मग ओब्रेनकडे.

"अहो, अंतर कधी उणे असतं का?" तो म्हणाला. "अधिक!"

वर्गात त्याने हे विचारलं असतं, तर मी त्याला शाबासकी दिली असती.

दुपारी रेडिओवरची बाई म्हणाली, "पोडलुग: एकशे बारा, स्थिर. ग्लिबोवात्स: एकशे सात, चढ एकशे तेरा." 'नांगर'च्या मालकाने रेडिओचा मुका घेतला. पुढची पेलेभर रकिया सगळ्यांना फुकट होती. ती पिऊन होईपर्यंत धोक्याचा भोंगा वाजला.

संस्थेतल्या लोकांची त्यात काही चूक नव्हती. दुष्काळात, पावसाचा थेंब नसताना, एका गावात पाणी चोवीस तासांत एक मीटर तेरा सेंटिमीटर चढलं आणि वरच्या गावात जागचं हललं नाही. म्हणजे पाणी दोन गावांच्या मधूनच आलं. मध्ये एकच जागा आहे, मासेपालनाच्या तळ्याचा मातीचा बांध. तो फुटला असणार आणि खरी लाट अजून यायची असणार. गणित अगदी बरोबर होतं. चुकीच्या आकड्यावरून केलेलं गणितही बरोबर असू शकतं, हे मी मुलांना दरवर्षी सांगायची.

मी संस्थेला फोन केला. म्हटलं, पूर नाहीये, पट्टी हलवलीये.

"आपण नेमलेल्या मोजणाऱ्या आहात का?" मुलीने विचारलं.

"परवापर्यंत होते."

"मग कृपया लाइन मोकळी ठेवा, मॅडम. तुमच्याकडे पूर आलाय."

अग्निशमन दलाच्या तीन गाड्या आल्या आणि नदीकाठची आळी रिकामी करण्याचा हुकूम झाला. ओब्रेन एका वाक्यात ते थांबवू शकला असता. त्याने पट्टा आवळला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि तो पुढे झाला. बायका गाद्या घेऊन निघाल्या, पुरुष टीव्ही घेऊन. डुकरं स्वतःहून जायला तयार नव्हती. तीन तासांत तीनशे माणसं चर्चच्या टेकडीवर जाऊन बसली आणि खाली नदीकडे पाहू लागली. नदीच्या मधोमध दुधवाल्या मिलुंकाची गाय उभी होती. पाणी तिच्या घोट्याच्या थोडं वर होतं.

गाय सगळ्यांना दिसत होती. बोलत कोणीच नव्हतं. पूर नाही असं म्हणायचं, म्हणजे एकशे सात परत द्यायचे.

"लाट यायची आहे अजून," ग्लिगोरिये म्हणाले. त्यांनी मांडीवर कागद घेऊन ग्रंथाचं नवं प्रकरण सुरू केलं होतं. "इतिहासात लाट नेहमी उशिरा येते."

मंगळवारी लाट आली नाही, पण नदी आणखी एक सेंटिमीटर उतरली. त्यामुळे शून्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर एकाने वाढलं. रादाशिनने प्रामाणिकपणे वाकून मोजलं आणि कळवलं: "एकशे आठ." रेडिओ म्हणाला, चढ एक. टेकडीवर काळजी पसरली. बुधवारी एकशे नऊ. नदी जितकी आटत होती, तितका पूर चढत होता. अशी नदी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. गिरणीपाशी माझ्या वहीत उणे सात, उणे आठ, उणे नऊ असे तीन आकडे होते. पण ती शाळेची वही होती. खऱ्या वहीत पूर होता.

त्यातच पोडलुगची मदत आली. पन्नास घोंगड्या आणि दोन रबरी होड्या. सोबत चिठ्ठी: 'शेजाऱ्यांना, संकटकाळी.' चिठ्ठीत एकही टोमणा नव्हता. कलिंगडाचा सूड घेता येतो, घोंगडीचा कसा घेणार? ओब्रेनने होड्या ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही केली. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पाहून मला त्याची पहिल्यांदा कीव आली. फार वेळ नाही आली.

बुधवारी अकरा वाजता संस्थेचा इंजिनियर आला. तेओफिल नाव, बारीक अंगाचा माणूस, पाठीवर मोजणीच्या दुर्बिणीचं तिकाटणं. घाटावर येऊन तो उभा राहिला. त्याने गाय पाहिली. मग पट्टी पाहिली.

"पट्टी कोरडी आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"सिमेंट ओलं आहे."

"रविवारचं आहे."

"आणि पाणी किती?"

"उणे नऊ."

त्याने दुर्बिणीतून खुंटी पाहिली, पाणी पाहिलं, कागदावर आकडेमोड केली आणि मान हलवली. उणे नऊ. हसला मात्र नाही. मला तो आवडला.

"आजचं मी स्वतः लिहू शकतो," तो म्हणाला. "सोमवार-मंगळवार मात्र रिकामे सोडावे लागतील."

"माझ्या वहीत आहेत ना."

"तुम्ही तेव्हा नेमलेल्या नव्हता. नियम असा आहे, की नेमलेल्या माणसाने लिहून द्यायचं: पट्टी कधी हलली, किती हलली आणि खरं माप कोणी घेतलं. त्याखाली त्याची सही. तशी सही असेल तर तुमचे आकडे खऱ्या वहीत घेता येतात. नसेल तर खंड." त्याने घड्याळ पाहिलं. "मी पाचला निघणार. उद्या सकाळी मला महिन्याचे तक्ते द्यायचे आहेत."

खंड. राजा पळाला तेव्हा पडला नाही, पूल पडला तेव्हा पडला नाही, आणि आता एका कलिंगडापायी पडणार होता.

मी टेकडी चढले. ओब्रेन चर्चच्या दारात शिट्टी घेऊन उभा होता.

"नाही," माझं ऐकण्याआधीच तो म्हणाला. "बाई, पाया पडतो तुमच्या. पोडलुगने घोंगड्या दिल्यात! उद्या त्यांना कळलं, की आम्ही कोरड्या नदीला भिऊन टेकडीवर बसलो, तर आमची नातवंडंसुद्धा तोंड वर काढू शकणार नाहीत. आणि सगळं कशापायी? दोन रकान्यांपायी?"

"हो."

"कोण बघतं ते रकाने?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. रादाशिन कुठे आहे?"

रादाशिन चर्चच्या मागे, गवतावर ठेवलेल्या पोडलुगच्या रबरी होडीत बसून कांदा आणि चीज खात होता. मला पाहून तो उठायला गेला. होडी डगमगली आणि तो पुन्हा बसला. मी त्याला कागद दाखवला, काय लिहायचं ते सांगितलं.

"कूमा, मला समजलंय सगळं," तो खाली बघत म्हणाला. "सोमवारीच समजलं होतं. तुम्ही उणे म्हणालात तेव्हा. पण मेव्हणा समोर उभा होता. आता सही केली तर तो मला घरात घेणार नाही. आणि बायको त्याची बहीण आहे, ती तर मला तिच्या घरातही घेणार नाही."

"तुझ्या घरात."

"ते तिचंच आहे, कूमा."

मी त्याला सगळं नीट समजावलं. बत्तीस हजार रकाने. सासरे. मोजमापाचं महत्त्व. मी एकतीस वर्षं समजावण्याचंच काम केलं आहे आणि चांगलं केलं आहे. तो ऐकत होता, मान हलवत होता, कांद्याची साल काढत होता. साडेतीन वाजले.

तेव्हा मी म्हटलं, "रादाशिन, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

त्याच्या हातातला कांदा थांबला.

"मी हे तुझी कूमा म्हणून मागतेय."

तो पांढरा पडला. म्हणजे खरोखर, ओठांचा रंग आधी गेला, मग गालांचा. त्याने एकदा खाली कुरणाकडे पाहिलं, जिथे त्याची गाय बांधलेली होती, मग चर्चच्या पायरीवर बसलेल्या आपल्या लेकीकडे. मी शापाचा शब्दही काढला नव्हता. माझ्या विषयात या बलाचं अस्तित्व कुठेच सिद्ध झालेलं नाही. पण त्याचा परिणाम मी स्वतः मोजला. साडेचार सेकंद.

"पेन आहे का?" तो म्हणाला.

त्याने कागद होडीच्या काठावर ठेवून लिहिलं, सही केली आणि सही वाळेपर्यंत फुंकर घालत बसला. "पोडलुगला कळता कामा नये, कूमा."

"ही वही संस्थेत जाते," मी म्हटलं. "तिथे ती कपाटात ठेवतात. त्याहून गुप्त जागा देशात नाही."

पाचला दहा मिनिटं कमी असताना तेओफिलने सोमवारी उणे सात, मंगळवारी उणे आठ आणि बुधवारी उणे नऊ लिहिलं, मला पुन्हा नेमल्याचा कागद दिला आणि विचारलं, शेरा काय लिहायचा? मी म्हटलं, मी लिहिते. 'मोजपट्टी १०० सें.मी. वर हलवली. गाव टेकडीवर. खुंटी शाबूत.'

रेडिओवर गुरुवारी ती बाई म्हणाली, "ग्लिबोवात्स: उणे दहा." एकशे नऊवरून उणे दहा, एका दिवसात. टेकडीवर सगळे रेडिओकडे बघत राहिले. मग ग्लिगोरिये हळूच म्हणाले, "ओसरला." सगळ्यांनी श्वास सोडला. हो, ओसरला. किती पटकन ओसरला! असा पूर कोणी पाहिला होता का? लोक टीव्ही घेऊन घरी आले. संस्थेच्या माणसांनी पट्टी पुन्हा जुन्या जागी बसवली.

ग्रंथ नोव्हेंबरात निघाला, चारशे अकरा पानांचा. त्यातली सत्तावीस पानं 'महापूर' या प्रकरणाची आहेत. माझा भूगोल अर्ध्या पानावर आला आहे, जागेअभावी. पान ३०२ वर ओब्रेनचा फोटो आहे, शिट्टीसह, आणि मागे एक रबरी होडी. होडीवरचं पोडलुगचं नाव कापून टाकलं आहे. रादाशिनचं नाव कुठेच नाही. तो तीन आठवडे भावाकडे राहिला. त्याची गाय दूध देते आहे.

आणि गिरणीच्या भिंतीवर, जिथे १९२६च्या पुराची खूण डोक्याच्या बरीच वर आहे, तिथे गुडघ्याच्याही खाली एक संगमरवरी पाटी बसवली गेली: ऑगस्टमधल्या महापुराची पातळी, अधिक १०७. पाटी रादाशिननेच बसवली. मी मोजून पाहिलं. मिलिमीटरचाही फरक नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, नदी दरवर्षीप्रमाणे चढली आणि एका सकाळी पाणी बरोबर त्या पाटीच्या रेघेला लागलं. बदकं गिरणीच्या भिंतीशी पोहत होती. बातमी पसरली तशी आळीतली पाचपंचवीस माणसं घाटावर येऊन उभी राहिली. ओब्रेनही आला. सगळे बराच वेळ पाण्याकडे बघत होते.

"अगदी ऑगस्टसारखंच," कोणीतरी म्हणालं.

"ऑगस्टात भयंकर होतं," ओब्रेन म्हणाला. "आज काहीच नाही."

सात वाजले होते. मी पट्टी वाचली आणि वहीत लिहिलं: १०७. शेरा: काही नाही.